पाणी गेल्यावरचा बांध

कॉलेजच्या निरोपसमारंभात एक भाषण ठरलेलं असतं. एखादा पोरगा उठतो, माइक दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि सांगतो, की राष्ट्रीय सेवा योजनेत आलो आणि माझ्यात आत्मविश्वास आला, सभाधीटपणा आला, नेतृत्वगुण आले, माझं व्यक्तिमत्त्व घडलं. प्राचार्य मान डोलावतात. टाळ्या पडतात. हे भाषण मीही केलंय, टाळ्या घेऊन खाली बसलोय. आता ते भाषण मला परत घ्यायचंय. आणि त्याच दमात, 'एनएसएस म्हणजे नुसती थेरं, बंद करा एकदाची' असं म्हणणाऱ्यांशीही भांडायचंय. दोन्हीकडून शिव्या बसतील. बसू देत.

ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव तेव्हा केंद्रात शिक्षणमंत्री होते. 37 विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी काम सुरू झालं. शिकणाऱ्या पोरानं ज्या समाजाच्या जिवावर आपण शिकतो तो डोळ्यांनी बघावा, त्याच्यासाठी थोडं राबावं, हा हेतू. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातलं रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे बिल्ला लावणारा चोवीस तास सेवेला तयार, असा अर्थ आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला होता. ब्रीदवाक्य इंग्रजीत, 'नॉट मी बट यू'. मी नव्हे, तू.

मी मात्र गेलो होतो तो 'मी'साठीच. दोन वर्षांत 240 तास भरले आणि एक शिबिर केलं की दहा मार्क मिळतात, एवढं ऐकून मी नाव दिलं. साल 1990 च्या आसपासचं. माणदेशातलं आमचं गाव, चार एकर जिराईत, पाऊस आला तर शाळू नाहीतर वैरण. रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला जायचं. इंग्रजीत हमखास गचके बसायचे, म्हणून ते दहा मार्क म्हणजे बुडत्याला दोर वाटले. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण आता लपवून काय करायचंय? शिबिर डिसेंबरात असायचं. डिसेंबरात शाळूला कणसं भरतात, माळ्यावर उभं राहून दिवसभर पाखरं राखावी लागतात. शिबिराला गेलं की ती कटकट चुकत होती.

म्हणजे घरची पाखरं राखायचा कंटाळा आला म्हणून मी दुसऱ्या गावाची सेवा करायला निघालो होतो. आणि ह्यात मी एकटा नव्हतो. आमच्या गटातली निम्म्याच्या वर पोरं खेड्यातली होती.

शिबिराचं गाव आमच्या कॉलेजपासून वीसेक किलोमीटरवर होतं. तेव्हा शिबिर दहा दिवसांचं असायचं, आता सात दिवसांचं असतं. प्राथमिक शाळेच्या दोन खोल्यांत पोरं, बालवाडीत पोरी, असा मुक्काम. उद्घाटनाला नारळ फुटला, सरपंचांनी टिकावाला हळदकुंकू लावलं. पहाटे प्रभातफेरी, सानेगुरुजींची प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी पाहुण्यांचं बौद्धिक, संध्याकाळी गावाची पाहणी, रात्री शेकोटी आणि नकला. श्रमदानाचं काम म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. पाणी अडतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर वाढतो. साधं, स्वस्त आणि खरोखर चांगलं काम आहे ते.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा शेळ्या घेऊन ओढ्याच्या काठावर येऊन बसला. डोक्याला मुंडासं, हातात घुंगुरकाठी. बराच वेळ आमची पळापळ बघत राहिला. मग मला म्हणाला,

"पोरा, ह्यो बांध कशापायी?"

मी पाठ केलेलं सांगितलं. पाणी अडवा, पाणी जिरवा.

"आरं व्हय, पन पानी कुठाय?"

मी ओढ्याकडं बघितलं. मनगटाएवढी धार होती, ती पण दगडांच्या फटीतनं कशीबशी चाललेली.

"दिवाळीच्या आदी यायला पायजे हुतं तुमी. तवा मांडीएवढं पानी वाहत हुतं हितनं. आता बांध घालून काय व्हतंय?"

"आजोबा, दिवाळीच्या आधी आमची परीक्षा असते."

म्हातारा हसला. चेष्टेचं नव्हतं ते हसू. "तुमच्या परीक्षंसाठनं वढा थांबायचा न्हाई बाबा," एवढंच म्हणाला आणि शेळ्या हाकत गेला.

मी त्या वेळी हे कुणाला बोललो नाही. आमच्या सरांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, पण मला ते बोलणंच सुचलं नाही. सरांनी सांगितलेलं काम चुकीच्या महिन्यात चाललंय असं पोरानं म्हणायचं असतं, हेच मुळी आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्हाला पोती शिवायला शिकवलं होतं.

पाचव्या दिवशी कुटुंब-पाहणी निघाली. छापील फॉर्म, घरात माणसं किती, शिक्षण किती, संडास आहे का, पाणी कुठून आणता. मला आणि माझ्या जोडीदाराला गावाबाहेरचा बौद्धवाडा आला. तिथं एका म्हातारीच्या दारात आम्ही उभे राहिलो. तिनं घोंगडं अंथरलं, पाणी विचारलं. जोडीदार म्हणाला, तहान नाही. मीही म्हणालो, तहान नाही. उन्हात दोन तास हिंडत होतो आणि घशाला कोरड पडली होती. म्हातारीनं तांब्या तसाच आत नेला. एक शब्द बोलली नाही. पाणी न घ्यायची रीत तिला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होती.

मग तिनं विचारलं, "कुठलं रं तू?"

मी तालुक्याच्या गावाचं नाव सांगितलं. माझ्या खेड्याचं सांगितलं नाही. पॅंट-बुशकोट, खिशाला बिल्ला, हातात फॉर्म, अशा अवतारात मी खेड्यातला आहे हे सांगणं मला कमीपणाचं वाटलं.

तिनं माझ्या लिहिणाऱ्या हाताकडं बघितलं, मग कागद धरलेल्या डाव्या हाताकडं. करंगळीवर विळ्याचा वण आहे माझ्या, कडबा कापताना झालेला.

"हात तर कुनब्याचा दिसतूय," ती म्हणाली. "बापाला हातभार लावायचा सोडून हितं काय लिवत फिरतूस?"

जोडीदार खो खो हसला. मीही हसल्यासारखं केलं. 'पाणी कुठून आणता' ह्या रकान्यात तिनं जे सांगितलं ते लिहिलं: वाड्याची विहीर संक्रांतीला आटते, मग सरपंचाच्या मळ्यातनं, त्यानं भरू दिलं तर. फॉर्म पुढच्या पानावर पलटताना ती अजून एक बोलली. "तुमी पोरं फुकाट मातीकाम करून राहिलाय. त्येच काम रोजगार हमीवर निघालं असतं तर आमच्या बायकांना चार दिस हजेरी मिळाली असती. तुमचं पुन्य हुतंय, आमची हजेरी बुडती."

ह्या वाक्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

1972 च्या दुष्काळानं ज्यांची हाडं मोडली, त्या लोकांसाठी ह्याच महाराष्ट्रानं रोजगार हमी उभी केली, तिचा कायदा केला. मागेल त्याला काम. खडी फोडून, तळी खोदून आमच्या भागातल्या बायांनी पोरं जगवली. माझ्या आईनंही फोडलीय खडी. आणि त्याच मातीकामाला 'श्रमदान' असं गोड नाव देऊन आम्ही पन्नास पोरं तिथं राबत होतो, आणि जिला त्याच कामाचे पैसे हवे होते तिला सेवेचं महत्त्व सांगत होतो. हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. तेव्हा नुसतं टोचलं. कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

टोचलं म्हणून त्या संध्याकाळी मी एकटाच बंधाऱ्यावर गेलो. ओढ्याच्या काठानं वरपर्यंत चालत गेलो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाणी तुंबेल अगदी तिथं, काठाला लागून एक बांधीव विहीर होती. तिच्यावर इंजिन. पलीकडं हिरवागार ऊस. माणदेशात, डिसेंबरात, ऊस! तो मळा सरपंचांचा होता. बंधाऱ्याची जागा त्यांनीच दाखवली होती, हेही आठवलं. बौद्धवाड्याची विहीर ह्या ओढ्यावर नव्हतीच. ती गावाच्या दुसऱ्या अंगाच्या ओघळीवर होती.

सरपंच वाईट माणूस नव्हता. आमची दहा दिवस दोन्ही वेळची भाकरी-आमटी त्यानं सांभाळली, एक दिवस गोडाचं जेवण घातलं. आपल्या विहिरीजवळ बंधारा व्हावा असं कुणालाही वाटेल, माझ्या बापालाही वाटलं असतं. चूक आमची होती. पाणी कुणाच्या विहिरीत जाणार हे आम्ही पन्नास शिकलेल्या पोरांनी, दोन प्राध्यापकांनी आणि अर्धा डझन पाहुण्यांनी एकदाही विचारलं नाही. समारोपाला मला उत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून पेन मिळालं. सरपंचांच्या हस्ते.

घरी आलो तर आईनं तळहातांवरचे फोड बघितले. कौतुक करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "लोकाच्या गावात दहा दिस राबलास. आन् आपली ताल फुटलीया दिवाळीपास्नं, ती न्हाई दिसली तुला?" शेताच्या मोठ्या बांधाला आमच्याकडं ताल म्हणतात. परतीच्या पावसात ती फुटली होती आणि बाप एकटाच दगड लावत होता. पाखरं राखायला धाकटी बहीण शाळा बुडवून माळ्यावर उभी होती. दहा दिवस. माझ्या सेवेचे दहा दिवस तिच्या शाळेतनं कापले गेले होते.

आता मला सांगा, ह्या पहिल्या वर्षात माझं काय 'घडलं'? डायरीत माझे तास पूर्ण भरलेले होते. सभाधीटपणा आला होता, समारोपाला मी भाषण ठोकलं होतं. निरोपसमारंभात आपण ज्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो तो सगळा झाला होता. आणि मी आधीपेक्षा जास्त खोटा माणूस झालो होतो. स्वतःचं गाव लपवणारा, तहान लपवणारा, बहिणीची शाळा बुडवून पेन मिळवणारा.

म्हणून मला त्या शब्दाचीच चीड आहे. 'व्यक्तिमत्त्व विकास' हा सेवेचा हेतू म्हणून जोपर्यंत सांगितला जाईल तोपर्यंत गाव हा आपला आरसा राहणार. आरशासमोर उभं राहून पोरगा स्वतःचा भांग पाडणार, आरशाला काय हवंय हे कोण विचारतं?

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मीही 'बंद करा' म्हणणाऱ्यांत जाऊन बसलो असतो.

योजना दोन वर्षांची होती आणि गाव दत्तक घेतलेलं, म्हणून दुसऱ्या वर्षी त्याच गावात जायचं होतं. ही एक गोष्ट मात्र ज्यांनी कुणी नियमात घातली त्यांना मी हात जोडतो. एकदाच जाऊन आलो असतो तर ती म्हातारी, तो शेळ्यांवाला, सगळे आठवणीत विरून गेले असते. परत त्यांच्या तोंडावर जायचंय म्हटल्यावर झोप उडाली. ऑगस्टात मी धीर करून सरांच्या खोलीत गेलो आणि सगळं बोललो. ओढ्याचं, उसाचं, म्हातारीच्या विहिरीचं, हजेरीचं. पाण्याच्या तांब्याचंही. बोलताना पाय कापत होते. आयुष्यातलं माझं पहिलं खरं भाषण ते, ऐकायला एकच माणूस होता आणि टाळ्या नव्हत्या.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मला दिसलं नाही असं नाही. पण राहायची सोय सरपंच करतात." पुढच्या रविवारी मात्र ते स्वतः मला घेऊन गावात गेले. बौद्धवाड्यातल्या बायांशी बोलले, ओघळ बघितली. आणि त्या वर्षी आम्ही डिसेंबरची वाट बघितली नाही. परतीचा पाऊस उघडल्यावर, परीक्षेच्या तोंडावर, लागोपाठ तीन रविवार जी येतील ती पोरं घेऊन गेलो. पन्नासातली अठरा आली. वाड्यातली माणसं आमच्या बरोबरीनं, खरं तर आमच्या पुढं होती. दगड कुठं बसवायचा ते आम्हाला थोडंच येत होतं! हजेरीचा प्रश्नही सरांनी टाळला नाही. तालुक्याला जाऊन रोजगार हमीवर काम मागायचा अर्ज कसा करायचा ते आम्ही विचारून आलो आणि बायांचे अर्ज लिहून दिले. काम निघायला फाल्गुन उजाडला, पण निघालं.

पहिल्या रविवारी शाळेची किल्ली सापडली नाही. ती पुढं तिन्ही रविवार सापडली नाही. दुपारची भाकरी खायची कुठं? बायांनी वाड्याच्या समाजमंदिरात चूल मांडली. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा.

अठरांतली चौघं म्हणाली, आम्ही डबा आणलाय. डबा कुणीच आणला नव्हता. ती लांब झाडाखाली जाऊन बसली. मी पंगतीत बसलो. मी फार सुधारलेला होतो म्हणून बसलो असं कुणी समजू नये. समोर तीच म्हातारी वाढत होती, आणि मागच्या वर्षीचा तांब्या माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून बसलो. पहिला घास हातात घेतला तेव्हा घरी कळलं तर काय, हा विचार मनात आलाच. मग घास खाल्ला. पिठलं खारट होतं आणि भूक लागली होती. बाकी काही झालं नाही. ज्याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एवढा बाऊ केला, ते इतकं साधं निघालं ह्याचाच मला राग आला. पाणी मागितलं. म्हातारी म्हणाली, "आवंदा लागली व्हय तहान?" आणि तांब्या भरून दिला.

घरी मी सांगितलं नाही. आईला वर्षभरानं दुसऱ्याकडून कळलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पिठलं कसं हुतं?" ह्यापलीकडं आमच्या घरात त्या विषयावर कधी चर्चा झाली नाही. आमच्या घरासाठी तेवढंही खूप होतं.

त्या बंधाऱ्यानं चमत्कार घडला असं लिहिणं सोपं आहे. खरं एवढंच, की वाड्याची विहीर त्या वर्षी संक्रांतीला न आटता शिमग्यापर्यंत टिकली. पाऊसही थोडा बरा होता, तेव्हा सगळं श्रेय पोत्यांना देता यायचं नाही. पुढच्या पावसात पोती वाहून गेली. त्यानंतर वाड्यातल्या माणसांनी आपली आपण परत रचली. आम्ही तेव्हा कॉलेजातनं बाहेर पडलो होतो, आम्हाला कुणी बोलावलंही नाही. ह्याच्यापेक्षा चांगला निकाल मला माझ्या कुठल्याच परीक्षेचा लागलेला नाही.

आणि दुसऱ्या वर्षी, शिबिर डिसेंबरातच असतानाही, मी आधी आठ दिवस घरी राहून बापाबरोबर ताल लावली. बहिणीला शाळेत धाडलं. मगच शिबिराला गेलो, दोन दिवस उशिरानं. त्या वर्षी पेन दुसऱ्याला मिळालं.

मागच्या हिवाळ्यात एका शिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. भला मोठा बॅनर, त्यावर बारा जणांचे फोटो. प्रत्येकाच्या हातात नवा कोरा खराटा. दहा मिनिटं झाडणं आणि वीस मिनिटं फोटो. खराट्याचा तुरा वर आणि दांडा खाली धरून एक पोरगी उभी होती, मी तिला म्हटलं, "बाळ, असं नाही धरत." ती म्हणाली, "सर, आधीच झाडलेलं होतं." शाळा झाडायला रोज येणारी बाई कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. रात्री वर्गात पोरं डायऱ्या भरत होती, 120 तासांचा हिशेब एका बैठकीत, एक जण सांगतोय आणि बाकीचे उतरवून घेताहेत. मला राग आला नाही. माझीच डायरी आठवली.

ज्यांना हे बघून 'बंद करा' म्हणावंसं वाटतं त्यांना मी विचारतो, बंद करून त्या पोरीला काय देणार? तिला तिच्या घराबाहेर, तिच्या जातीबाहेर, दुसऱ्याच्या चुलीपाशी बसवणारी दुसरी कुठली जागा तुमच्या शिक्षणात उरलीय? क्लासेस? मोबाइल? एका वर्गात तीन वर्षं शेजारी बसून एकमेकांच्या घरी पाणी न प्यायलेली पोरं मी बघितलीत. ज्या गाडगेबाबांचं नाव घेऊन आपण हे खराटे वाटतो, ते गाव आधी झाडायचे आणि मग रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. खराटा आपण उचलला. प्रश्न विचारायचे सोडून दिले. योजनेत खोट आहे ती इथं, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

तर प्राचार्य महाराज, माझं मागणं फार नाही. शिबिराचा महिना कॉलेजच्या सोयीनं ठरवू नका, कामाच्या सोयीनं ठरवा. बंधारा घालायचा तर ओढा वाहत असताना घाला, नाहीतर घालू नका. जागा सरपंचांच्या ओसरीवर चहा पिता पिता ठरवू नका. ज्यांची विहीर आधी आटते त्यांच्या दारात जाऊन ठरवा. ज्या कामाची हजेरी गावातल्या गरिबाला मिळू शकते ते काम फुकट करून त्याच्या पोटावर पाय देऊ नका. फुकट करण्यासारखं पुष्कळ आहे. अर्ज लिहायचेत, म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचे कागद लावायचेत, रेशनचा हिशेब वाचून दाखवायचाय. त्यात फोटो चांगला येत नाही, हे मान्य. आणि ते दहा मार्क काढून टाका. अर्धी पोरं गळतील. गळू देत. आम्ही अठराच होतो.

आणि खेड्यातल्या पोरांनो, पोरींनो, तुम्हाला एक वेगळं सांगायचंय. दुसऱ्याच्या गावात टिकाव घेऊन जायच्या आधी घरी विचारा, ताल फुटलीय का? माळ्यावर तुमच्या जागी कोण उभं राहणार आहे? ते बघा आणि मग जरूर जा. गेल्यावर कुणी 'कुठलं रं तू' म्हणून विचारलं, तर आपल्या गावाचं नाव सांगा.

ती म्हातारी आता नाही. दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात, निघायच्या दिवशी, तिनं मला पुन्हा तेच विचारलं होतं. मी गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. तुझी आई आन् मी भात्तरच्या दुस्काळात एकाच कामावर खडी फोडत हुतो. पल्याडच्या रांगंला बसायची ती."

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "व्हय. बसायची रांग येगळी हुती. खडी एकच हुती."